चेंडू थांबला म्हणजे काय? : बास्केटबॉलचे पंच आणि ड्रिबलचा नियम



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी निवृत्तीनंतर मैदानावर लुडबुड का करावी. पण नियम म्हणजे काय, तो पाळला म्हणजे काय आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कुणाचा, हे प्रश्न आम्ही वर्गात आयुष्यभर घोळवले. तेच प्रश्न बास्केटबॉलचा पंच एका सेकंदाच्या आत, धावता धावता, हजारो लोकांसमोर सोडवतो. त्यामुळे त्याच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि त्याच्याशी भांडण्यासारखंही थोडं आहे. आज मी दोन्ही करणार आहे.

सुरुवात इतिहासापासून करू. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ रचला. त्याने तेरा नियम लिहिले. त्यांत ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे जाणं, नव्हतंच. तिसरा नियम सांगत होता की चेंडू घेऊन पळायचं नाही. जिथे झेललात तिथूनच फेका. पण नेस्मिथने त्याच नियमाला एक पुस्ती जोडली. कुणी चांगल्या वेगात धावत असताना चेंडू झेलला आणि तो थांबायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला थोडी मोकळीक द्यावी.

ही पुस्ती लक्षात ठेवा. 'थोडी' म्हणजे किती, हे नेस्मिथ सांगत नाही. किती पावलं, किती फूट, काही नाही. म्हणजे या खेळात पंचाचा विवेक नंतर कुठून घुसलेला नाही. नियम जन्मला तेव्हाच तो सोबत जन्मला. जे लोक म्हणतात, "पुस्तकात लिहिलंय तसं करा, अर्थ लावू नका," त्यांना पहिलं उत्तर खुद्द नेस्मिथनेच देऊन ठेवलंय.

ड्रिबल आला तो खेळाडूंच्या युक्तीतून. चेंडू घेऊन पळता येत नाही ना? मग तो जमिनीवर आपटायचा आणि स्वतःच परत घ्यायचा, जणू स्वतःलाच पास द्यायचा. १८९० च्या दशकात येल विद्यापीठाच्या खेळाडूंनी हे तंत्र वापरलं. नियमकर्त्यांना ते कधी आवडलं, कधी खुपलं. १९२७ साली अमेरिकेतल्या संयुक्त नियम समितीने ठरवलं की एकाच टप्प्याची मुभा ठेवायची. त्यावर प्रशिक्षक खवळले, नेस्मिथचाच शिष्य फॉग ॲलन याच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्याकडे म्हणतात ना, शास्त्रापेक्षा रूढी बलवान. इथे रूढीने शास्त्राला चक्क माघार घ्यायला लावली.

आता आजच्या नियमाकडे येऊ. भारतासह जगभर जो खेळ होतो तो 'फिबा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी. त्यात २४ वं कलम ड्रिबलचं आणि २५ वं ट्रॅव्हलिंगचं, म्हणजे चेंडू घेऊन बेकायदा पावलं टाकण्याचं. ड्रिबल कधी संपतो? दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले की संपतो. किंवा चेंडू एका अथवा दोन्ही हातांत विसावला की संपतो. एकदा संपला की पुन्हा सुरू करता येत नाही. केला तर तो डबल ड्रिबल. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचं पुस्तक वेगळं आहे, पण मुद्दा तोच. ड्रिबल करणाऱ्याने हात चेंडूखाली घालून तो एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा नाही आणि चेंडू थांबवून मग पुन्हा टप्पा द्यायचा नाही. यालाच कॅरी किंवा पामिंग म्हणतात.

सगळं ओझं एका शब्दावर पडतं : विसावणं, थांबणं. आणि इथेच गंमत आहे.

चेंडू जमिनीवरून उसळतो, वर येतो, हाताला लागतो, हात त्याच्यासोबत थोडा वर जातो आणि मग त्याला खाली ढकलतो. वर जाणारी वस्तू खाली येऊ लागते तेव्हा मधल्या एका क्षणी तिचा वेग शून्य असतो. हे शाळेतलं पदार्थविज्ञान आहे. म्हणजे प्रत्येक ड्रिबलच्या प्रत्येक टप्प्यात चेंडू हातात एकदा 'थांबतोच'. थांबणं म्हणजे वेग शून्य होणं, असा अर्थ घेतला तर पहिल्या टप्प्यालाच ड्रिबल संपला आणि खेळही संपला! झेनोने बाणाबद्दल जो पेच टाकला होता त्याच जातीचा हा पेच आहे.

तेव्हा नियमातलं 'थांबणं' हे पदार्थविज्ञानातलं थांबणं नव्हे. मग कुठलं?

यासाठी नियमाचा हेतू बघावा लागतो. चेंडू हातात आहे त्या माणसाला या खेळात मोठी सत्ता मिळते. तो पास देऊ शकतो, नेम धरू शकतो, वाट बघू शकतो. या सत्तेची किंमत म्हणजे त्याला पाय हलवता येत नाहीत. पाय हलवायचे असतील तर दुसरी किंमत मोजा : चेंडू हातातून सोडा, जमिनीवर आपटा आणि तेवढा वेळ तो प्रतिस्पर्ध्याला चोरता येईल असा उघडा ठेवा. ड्रिबल करणारा चेंडूचा मालक नसतो, तो त्याच्याशी सतत वाटाघाट करत असतो. चेंडूची एक लय असते आणि हाताला ती सांभाळावी लागते. ज्या क्षणी ही लय हाताच्या ताब्यात जाते, म्हणजे आता टप्पा द्यावा, पास द्यावा की नेम धरावा हे खेळाडू सवडीने ठरवू शकतो, त्या क्षणी चेंडू नियमाच्या अर्थाने थांबला. वेग शून्य आहे की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे निवडीचा. चेंडू तुम्हाला घाई करत होता, आता करत नाही, याचंच नाव विसावणं.

एनबीएने २०१९ मध्ये पुस्तकात 'गॅदर', म्हणजे चेंडू आवरून घेणं, याची व्याख्या घातली ती याच दिशेने जाते. दोन हात लावले, हात खाली घालून चेंडू थांबवला, किंवा पास, नेम, हातबदल यांपैकी काही करता येईल इतका ताबा आला, की ड्रिबल संपला. ताबा म्हणजे काय, तर करता येण्याची शक्यता. व्याख्या चांगली आहे. माझं भांडण व्याख्येशी नाही.

भांडण कशाशी आहे ते सांगतो. आजचा एखादा निष्णात गार्ड बघा. तो टप्पा देत येतो, छातीच्या उंचीवर हात चेंडूच्या बाजूला आणि किंचित खाली जातो, चेंडू तळहाताला चिकटल्यासारखा राहतो, खांदे वर उचलले जातात. बचाव करणाऱ्याला वाटतं की हा आता उडी मारून नेम धरणार, आणि तोही उचलला जातो. मग हा पुन्हा टप्पा देऊन त्याच्या शेजारून निघून जातो. याला हेझिटेशन म्हणतात. पंच गप्प. म्हणजे पंचाच्या मते चेंडू थांबला नव्हता.

आता हाच गार्ड, याच जागी, तळहात तसाच ठेवून, टप्पा देण्याऐवजी दोन पावलं टाकून बास्केट करतो. पंच याही वेळी गप्प. म्हणजे पंचाच्या मते ड्रिबल तिथे संपला होता आणि पावलांची मोजणी तिथून सुरू झाली. एकच क्षण, हाताची एकच ठेवण. पुढे टप्पा आला तर ते थांबणं नव्हतं, पुढे पावलं आली तर ते थांबणं होतं. क्षणाचा अर्थ पुढच्या क्षणाने ठरतो आणि दोन्ही वेळा चेंडूवाल्याच्या सोयीने ठरतो.

तर्कशास्त्रात याला जागा नाही. एका वस्तूला एकाच वेळी, एकाच अर्थाने, 'आहे' आणि 'नाही' म्हणता येत नाही. यात नुकसान कुणाचं होतं? बचाव करणाऱ्याचं. त्याने नियमाप्रमाणे विचार केला. चेंडू थांबला, आता याला टप्पा देता येणार नाही, म्हणून मी नेम अडवायला उडी मारतो. तो फसला कारण त्याने पुस्तकावर विश्वास ठेवला. आपल्या नियमाने नियम पाळणाऱ्यालाच शिक्षा व्हावी, ही कुठल्याही व्यवस्थेसाठी गंभीर गोष्ट आहे, मग ती मैदानाची असो की राज्याची.

पंचांच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. तिन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून तिन्ही नीट बघू.

पहिला : मानवी डोळ्याला हे दिसत नाही. काही अंशी खरं आहे. वेग प्रचंड असतो, हात चेंडूआड लपतो. पण न दिसणं आणि दिसूनही न बघणं यांत फरक आहे. सीमारेषेवरच्या प्रसंगात पंच चुकणारच, आणि ते क्षम्य आहे. इथे तक्रार सीमारेषेची नाही. हात सरळ खाली गेलेला असतो, चेंडू थांबलेला असतो, घरी बसलेल्या माणसालाही दिसतो, आणि तरी शिट्टी नाही. मी पहिल्याला अटळ विवेक म्हणेन आणि दुसऱ्याला कानाडोळा. दोघांना एकाच शब्दात गुंडाळू नका.

यंत्र आणलं तर? कबड्डीचं उदाहरण घ्या. चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, दम तुटला की बाद. दम तुटला की नाही हे पंचाच्या कानाने ठरायचं. पुढे चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लागलं. श्वास मोजणं अवघड, घड्याळ वाचणं सोपं. पण ड्रिबलला असं घड्याळ लावता येत नाही, कारण आपण आत्ताच पाहिलं की इथलं थांबणं वेगात नाही, निवडीच्या शक्यतेत आहे. ते यंत्राला दिसणार नाही. खेळ कळलेल्या माणसालाच दिसेल. म्हणून पंच हवाच, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी जास्त.

दुसरा युक्तिवाद अधिक तगडा आहे : फायदा झाला का? फिबाच्या पुस्तकाने पंचांना नियमांचा हेतू बघा, खेळाचा प्रवाह उगाच तोडू नका, असं अनेक वर्षं सांगितलं. किरकोळ धक्का लागला पण कुणाचा फायदा-तोटा झाला नाही, तर शिट्टी नको. पण हे तत्त्व कशासाठी होतं? धक्क्यांसाठी. दहा माणसं लहानशा जागेत धावली की स्पर्श होणारच. प्रत्येक स्पर्शाला फाऊल दिला तर खेळ उरणार नाही. ड्रिबल मात्र फाऊलच्या खात्यात नाही, नियमभंगाच्या खात्यात आहे. तिथे प्रतिस्पर्ध्याला इजा झाली का हे विचारायचं नसतं. रेषेवर पाय पडला की पडला. पंचांनी एका खात्यातलं तत्त्व उचलून दुसऱ्या खात्यात नेलं, आणि कुणी हरकत घेतली नाही.

या ठिकाणी मला आपल्या मीमांसकांची आठवण होते. यज्ञासाठी तांदूळ हवेत, तर भात कांडावं असा विधी आहे. पूर्वपक्ष विचारतो की उद्देश टरफल काढण्याचा, मग नखांनी सोललं तर काय बिघडलं? तांदूळ मिळाले ना? मीमांसक म्हणतात, बिघडलं. टरफल निघायला अनेक मार्ग आहेत हे आम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच तर विधीने त्यांतला एक नेमला. याला ते नियमविधी म्हणतात. अनेक शक्य साधनांपैकी एकच साधन बांधून देणारा विधी.

खेळाचा नियम अगदी या जातीचा असतो. चेंडू इकडून तिकडे नेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काखेत मारून पळणं! तो बंद केला म्हणून तर बास्केटबॉल झाला. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली तिचा गाभाही हाच आहे : सोपं साधन वर्ज्य करून अवघड साधन आपखुशीने पत्करणं म्हणजे खेळणं. तेव्हा "चेंडू थांबवला, पण विशेष फायदा झाला नाही" हे म्हणणं नखांनी सोललेल्या तांदळासारखं आहे. तांदूळ मिळाले असतील, यज्ञ झाला नाही. शिवाय फायदा होत नाही हेही खरं नव्हे. हेझिटेशनचा सगळा जीव त्या फायद्यातच आहे, नाहीतर खेळाडू ते शिकले कशाला असते?

तिसरा युक्तिवाद रूढीचा. खेळ बदलतो, भाषा बदलते तसा. बॉब कूझीच्या काळातल्या, १९५० च्या दशकातल्या चित्रफिती बघा. हात चेंडूच्या माथ्यावर. आणि १२ मार्च १९९७ ला फिलाडेल्फियात नवख्या ॲलन आयव्हर्सनने मायकेल जॉर्डनला ज्या क्रॉसओव्हरने चकवलं ते बघा. हात किती खोल जातो! आयव्हर्सनच्या क्रॉसओव्हरवर पामिंगचा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता. आज तसं काही करून दाखवलं तर कुणाची भुवईही उंचावणार नाही. आणि प्रेक्षकांना हे आवडतं. मलाही आवडतं, ते सुंदर आहे. मग रूढीने अर्थ बदलला असं मानून मोकळं का होऊ नये?

रूढीचा मान राखायला मी तयार आहे. पण रूढी आणि हयगय यांत एक कसोटी आहे : रूढी सगळ्यांना सारखी आणि आधीपासून माहीत असते. पावलांच्या बाबतीत नियमकर्त्यांनी प्रामाणिकपणा दाखवला. पंच आधीपासून सोडत होते ती दोन पावलं एनबीएने २००९ मध्ये पुस्तकात स्पष्ट शब्दांत लिहिली. फिबाने २०१७ मध्ये ट्रॅव्हलिंगचा नियम बदलला. धावताना चेंडूवर ताबा येतो त्या वेळी जमिनीवर असलेलं पाऊल मोजायचं नाही, मोजणी पुढच्या पावलापासून. प्रशिक्षक त्याला शून्य पाऊल म्हणतात. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, पण मला ते योग्य वाटतं. व्यवहार बदलला, विधिकर्त्याने तो मान्य केला, लिहिला, जाहीर केला. आता नागपूरच्या शाळेतल्या मुलीला आणि माद्रिदच्या व्यावसायिक खेळाडूला नियम एकच आहे.

कॅरीच्या बाबतीत असं झालेलं नाही. पुस्तकात मनाई आहे तशीच आहे, मैदानावर परवानगी आहे, आणि अधूनमधून लीगला जाग येते. मग हंगामाच्या सुरुवातीला पंचांना सूचना जाते की यंदा याकडे विशेष लक्ष द्या. काही आठवडे शिट्ट्या वाजतात, खेळाडू गोंधळतात, आणि हळूहळू सगळं पूर्वपदावर येतं. काल चाललं ते आज चालत नाही, उद्या पुन्हा चालेल, आणि या काळात पुस्तकातला एक शब्दही बदललेला नसतो.

एच. एल. ए. हार्ट या विधितत्त्वज्ञाने १९६१ च्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' मध्ये यासाठी फार उपयोगी भेद केला आहे. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो हे खरं. पण गुण म्हणजे गुणलेखक म्हणेल ते, असा नियमच केला तर तो वेगळाच खेळ होतो, गुणलेखकाच्या मर्जीचा खेळ. पहिल्या खेळात गुणलेखक चुकू शकतो, कारण त्याच्यावर नियम आहे. दुसऱ्यात तो चुकूच शकत नाही, कारण नियमच नाही. अंतिम असणं आणि अचूक असणं या दोन गोष्टी आहेत. ड्रिबलच्या नियमाचं आज या सीमेवर येऊन अडलं आहे. "कॅरी म्हणजे काय?" असं विचारल्यावर "पंच देईल ते" हे उत्तर विनोदाने दिलं जातं तोवर ठीक आहे. ज्या दिवशी ते गंभीरपणे दिलं जाईल, त्या दिवशी खेळ बदललेला असेल.

आणि पंचांना मी खलनायक करत नाहीये, हे नीट ऐका. शिट्टी वाजवली तर प्रेक्षक हुर्यो करतात, नाही वाजवली तर कुणी आठवणही काढत नाही. एकट्या पंचाने कॅरी पकडायला सुरुवात केली तर तोच विक्षिप्त ठरतो. व्यवस्थेने जे करायचं ते व्यक्तीच्या गळ्यात मारू नये. एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल प्रसिद्ध करते, कुठला बरोबर, कुठला चुकीचा. ही चांगली चाल आहे. पंच चुकू शकतो असं जाहीरपणे म्हणणं म्हणजे नियम पंचापेक्षा मोठा आहे असं म्हणणं.

मग माझं म्हणणं काय? दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सभ्य आहेत. एक, पुस्तकात आहे ते पाळा. हात खाली गेला आणि चेंडूने घाई करणं सोडलं, की शिट्टी, समोर कितीही मोठा खेळाडू असो. दोन-चार महिने खेळ अडखळेल, मग हात आपोआप चेंडूच्या माथ्यावर येतील. खेळाडू फार हुशार असतात, त्यांना फक्त किंमत सांगावी लागते. दुसरा, पावलांचं केलंत तसं करा. हेझिटेशनमधलं थांबणं तुम्हाला खेळाचं वैभव वाटतं ना? मग ते लिहा. लिहिताना मात्र एक गोष्ट पाळा : त्या क्षणाला ड्रिबल चालू मानायचा की संपलेला, हे एकदाच ठरवा. चालू मानलात तर पावलं तिथून मोजू नका, आणि संपलेला मानलात तर पुढचा टप्पा देऊ देऊ नका. दोन्हीकडून लोणी खाता येणार नाही.

तिसरा मार्ग आजचा आहे, लिहायचं एक आणि चालवायचं दुसरं. तो सोयीचा आहे, म्हणून टिकतो. पण त्याचा भार तळाशी पडतो. मोठ्या लीगमधला खेळाडू पडद्यावर जे करतो ते बघून चौदा वर्षांचं पोर ते घोटवतं, आणि जिल्हा स्पर्धेत एखादा काटेकोर पंच त्याला कॅरी देतो. पोर विचारतं, "सर, मी काय चूक केली? तो तर रोज करतो." त्या पंचाने पुस्तक उघडून दाखवलं तर पंच बरोबर असतो. पोराचा प्रश्नही बरोबर असतो. एकाच वेळी दोघं बरोबर असावेत आणि तरी अन्याय व्हावा, ही परिस्थिती पंचांनी निर्माण केलेली नाही आणि पोरानेही नाही. ती निर्माण केली आहे नियम लिहून तो विसरणाऱ्यांनी. उत्तर त्यांच्याकडे मागायचं आहे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घ्यायला मला आवडेल. विशेषतः कुणी पंच बसले असतील तर त्यांनी आधी बोलावं.